अक्कानं सोडलेला ठिपका

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीची नात माझ्याकडं आली होती. कॉलेजात तिला रांगोळीवर कसलंसं प्रोजेक्ट करायचंय. महिनाभर रोज सकाळी तिनं आजीच्या दारातल्या रांगोळीचा फोटो काढला होता आणि मोबाइलवर एकेक सरकवून मला दाखवत होती. आम्ही घरात तेलुगू बोलतो, रांगोळीला मुग्गू म्हणतो. आधी ठिपके घालायचे, मग रेघा. मी चष्मा लावून "छान, छान" करत होतो. पाचव्या की सहाव्या फोटोला पोरगी म्हणाली, "आजोबा, प्रत्येकात एक ठिपका सुटलाय बघा. खालच्या कोपऱ्यातला. रेघ त्याच्या जवळनं जाते, पण त्याला घेत नाही. आजीला विचारलं, का सोडतेस? तर म्हणाली, तुझ्या आजोबांना विचार, त्यांना माहितंय."

मला माहीत होतं. मी म्हणालो, "म्हातारीला दिसत नसंल नीट." आणि वर त्या पोरीवरच खेकसलो, आल्यापासनं नुसता मोबाइल मोबाइल, चहा गार झाला की तुझा. तिनं गुपचूप कप उचलला. माझी बायको स्वयंपाकघरातनं माझ्याकडं बघत राहिली. माझं हे असंच आहे. आत कुठं दुखलं की मी समोरच्यावर डाफरतो.

मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं डिझाइन काढली. चादरीवर जे मोर, फुलं, वेलबुट्ट्या दिसतात, ते आधी कागदावर काढावे लागतात. कागद बारीक चौकोनांचा, शाळेत गणिताला असतो तसा, फक्त टेबलाएवढा मोठा. एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन भरला की तो धागा वर येतो, रिकामा ठेवला की खाली राहतो. त्या कागदावरनं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढवतात, आणि माग मुकाट्यानं कागदावर असंल तसं विणत सुटतो. कागदावर एक चूक झाली तर ती प्रत्येक चादरीत येते. कारखाना आता बंद पडलाय. तिथं मंगल कार्यालय होणार म्हणतात.

या नोकरीत मी शिरलो तो अक्काच्या हातानं. अक्का म्हणजे हीच माझी थोरली बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडील त्याच कारखान्यात माग चालवायचे, आई आणि अक्का घरी विड्या वळायच्या. आमच्या पूर्व भागात घरोघरी हेच. अक्काची शाळा सातवीत सुटली. चित्रकलेत तिचा पहिला नंबर यायचा, पण आईचा खांदा धरला आणि विड्यांचं सूप अक्काच्या मांडीवर आलं. मी मात्र शिकलो. मी मुलगा होतो, दुसरं काही कारण नाही.

मी वीस वर्षांचा होऊन घरी बसलेला असताना वडील बातमी घेऊन आले. डिझाइनचे म्हातारे मास्तर थकले होते, मालकाला त्यांच्या हाताखाली एक पोरगा हवा होता. ज्याला यायचंय त्यानं नमुना काढून आणावा. वडिलांनी माझ्यासाठी ते चौकोनांचे तीन कागद मागून आणले. दोन कागद मी वाया घालवले. माझा मोर कोंबडीसारखा दिसत होता, आणि तीही आजारी कोंबडी. तिसऱ्या कागदापुढं मी नुसता बसून राहिलो.

"दे इकडं, ह्याचाबी चुथडा करशील," अक्का म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं, हाताची तंबाखू साबणानं दोनदा धुतली आणि पुढ्यात पाट घेऊन बसली. तिनं आधी सगळ्या कागदावर पेन्सिलीनं बारीक ठिपके घातले, दारात घालायची तसे. मग ते जोडत गेली. चार कोपऱ्यांत चार पोपट, मधे कमळ, आणि कमळातनं निघून पोपटांच्या चोचीपर्यंत गेलेली वेल. दोन दुपारी लागल्या तिला. विड्यांची पानं सुकू नयेत म्हणून मधेच उठून ती त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि परत येऊन बसायची. मी पेन्सिलीला टोक करून द्यायचं काम केलं.

शेवटी खालच्या उजव्या पोपटाच्या चोचीजवळ तिनं एक चौकोन तसाच ठेवला. मी भरायला गेलो तर हातावर चापट मारली. "ऱ्हाऊ दे तो. पुऱ्या झालेल्याला दृष्ट लागते." आईची रीत होती ती. दारातल्या मुग्गूतसुद्धा आई एक ठिपका सोडायची. पोळ्यांतली एक तव्यावरच ठेवायची. अक्कानं ते सगळं आईकडनं जसंच्या तसं उचललं होतं.

वडिलांबरोबर जाऊन मी मालकांच्या टेबलावर कागद पसरला. मालकांनी भिंग काढलं, इंचाइंचानं बघितलं. मग वर बघून विचारलं, "कोणी काढलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी परत भिंग लावलं आणि बरोबर त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय राहिलं?"

आता, ह्याला उत्तर होतं. ते त्या मालकालाही कळलं असतं, तो आमच्यातलाच होता, त्याच्याही घरी मुग्गू पडत असणार. पण माझ्या तोंडून आलं, "चूक झाली, मालक." आणि त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल उचलून मी तो चौकोन भरला. मालक खूश झाले. वडिलांना म्हणाले, "पोरगा प्रामाणिक आहे. चूक दाखवली की लगेच कबूल करतो." अशी मला ती नोकरी लागली. प्रामाणिक म्हणून.

इथवरचं पाप मी एक वेळ पचवलंही असतं. गरिबाच्या घरात एकमेकांचं असं खपून जातं. पण वडील बाहेर गेले आणि मी कागद गुंडाळत होतो तेव्हा मालक सहज म्हणाले, "तुझ्या घरात अजून कोणी काढतं का रे? मला दोघं लागतील. बहीण-बिहीण असली तरी चालंल. माझी सून आता ऑफिसात बसायला लागलीय, तिच्या समोर टेबल टाकून देतो."

मी म्हणालो, "नाही मालक. घरात कोणाला येत नाही."

हे मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आईवडिलांना नाही, बायकोला नाही. आणि ते बोलायला मला विचार करावा लागला नाही, हेच मला फार लागतं. माणूस निदान अडखळतो तरी. मी अडखळलोसुद्धा नाही.

दिवाळीनंतर अक्काचं लग्न ठरलं. शहरातल्या शहरातच, दोन पेठा पलीकडं. तोवर पोपटाची चादर मागावरनं उतरली होती. मी मोठ्या तोऱ्यात पहिल्यातली एक चादर तिला आहेर म्हणून नेली. सगळ्या बायका "भावाच्या हातची" म्हणून कौतुक करत होत्या. अक्कानं घडी मोडली. सरळ खालचा उजवा कोपरा उचलून डोळ्याजवळ नेला. बघितला. मग चादर होती तशी घडी घातली आणि म्हणाली, "बरी हाय." त्यानंतर माझ्या कामाबद्दल तिनं मला कधी एक शब्द विचारला नाही.

ती चादर काय चालली म्हणता! मी पुढं काढलेली डिझाइनं आली आणि गेली, कारण खरं सांगायचं तर मी शिकून शिकून सरळ रेघांचा आणि चौकटींचा माणूस झालो, त्यापलीकडं माझी धाव गेली नाही. पोपट मात्र वीसेक वर्षं मागावर होते. मला ते कुठंही भेटायचे. सिव्हिल हॉस्पिटलात खाटेवर. एसटी स्टँडवर कोणी पथारी पसरली की त्यात. एकदा माढ्याला एका लग्नात जेवायच्या पंगतीखाली अंथरलेले. रिटायर झालो त्या दिवशी माझ्या सत्काराला नारळाबरोबर काय दिलं असेल? तीच चादर, जुन्या मालातली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी खाली मान घालून उभा, तर लोकांना वाटलं मला भरून आलंय.

नोकरीच्या पहिल्या वर्षापासनंच मला एक सवय लागली. मालकांची सून ऑफिसात बसायची, तिच्या समोरचं टेबल खरंच टाकलं होतं. दुसरं माणूस मालकांना मिळालंच नाही. येता-जाता मला ते टेबल दिसायचं आणि मी तिथं अक्काला बसवायचो. तिला चष्मा लावायचो. पायात चपला नव्या. सकाळी सायकलीवरनं येतेय, हँडलला डबा अडकवलाय, गेटवरचा वॉचमन तिला "बाई" म्हणतोय. भोकं पाडणाऱ्याला ती झापतेय, "डोळे हायत का बटणं?" मुंबईच्या प्रदर्शनाला मालकांनी मला पाठवलं होतं, तिथंही मी माझ्या जागी तिलाच उभं केलं. हे मनातले मांडे मी वर्षानुवर्षं भाजले. पण त्या आयुष्यात मी स्वतः कुठं असतो, तिथं आलं की माझं डोकं थांबायचं. वडिलांसारखा माग चालवत, त्या खडखडाटानं पन्नाशीत ठार बहिरा? तेवढं मात्र मला कधी पुरतं रंगवता आलं नाही. दुसऱ्याचं आयुष्य फुकटात सुधारून देताना आपलं बिघडवायची वेळ आली की हात आखडतो.

अक्काचं खरं आयुष्य काही वाईट गेलं असं नाही. नवरा बरा होता, आता तो राहिला नाही. दोन मुलं कामाला लागली. पण चाळीस वर्षं विड्याच वळल्या तिनं. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, पुन्हा पान. आता विडी-कंपनीचं काम सुटलंय, तरी शेजारणीचं सूप ओढून घेते, बोटांना चैन पडत नाही म्हणते. आणि मी? खाई त्याला खवखवे. तिच्या घरी गेलो की मी काहीतरी खुसपट काढायचो. चहा गोड झाला, पोरांना शिस्त नाही, भिंतीला पोपडे आलेत. ती हसून सोडून द्यायची. सकाळच्या वेळी तर मी तिच्याकडं जायचंच बंद केलं, कारण दारात मुग्गू असायचा. मी म्हणायचो, गुडघे दुखतात.

त्या दिवशी नात चहा पिऊन गेली. मी दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी बायकोनंच चपला पुढं ठेवल्या. म्हणाली, "काय असंल ते जाऊन बोलून या एकदाचं. घरात आमच्यावर किती दिवस गुरगुरणार?"

दुपारची वेळ होती. अक्का ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. दारातला सकाळचा मुग्गू पोरांनी तुडवून अर्धा गेलेला, पण कोपऱ्यातला ठिपका शाबूत होता. मी बसलो. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "अक्का, त्या कागदाबद्दल मालकानं विचारलं तवा मी म्हणालो, मीच काढलाय."

ती हसायला लागली. "मग काय म्हणणार होतास? मी दिलाच होता की तुला. दिलेल्याची चोरी व्हते व्हय, तम्मी?" तम्मी म्हणजे आमच्यात धाकटा भाऊ. सासष्टाव्या वर्षीही ती मला त्याच नावानं हाक मारते. बोलताना तिची बोटं चालूच होती. "तेवढा चौकोन भरलास ते मात्र वाईट केलंस. लई राग आला होता मला. म्हणलं, ह्याला एक जागा रिकामी ठेवायला जमली न्हाय. मग म्हणलं, जाऊ दे, लेकराची नोकरी टिकली न्हवं? तवापासनं मी रोज आठवणीनं सोडते. तुला कधीतरी दिसंल म्हणून."

मला तिथंच उठता आलं असतं. कबुली देऊन झाली होती, माफी मिळूनही गेली होती. उठलो असतो तर फार बरं झालं असतं. पण मला वाटलं, आज सगळंच ओकून टाकावं, मोकळं व्हावं. माझंच मोकळं होणं मला दिसत होतं, दुसरं काही नाही. मी मालकाचा तो दुसरा प्रश्न सांगितला. सुनेसमोरचं टेबल सांगितलं. मी "नाही" म्हणालो तेही सांगितलं.

अक्काची बोटं थांबली. सूप मांडीवर असताना तिची बोटं थांबलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. अर्धवट वळलेलं पान हातात उलगडत गेलं.

"कधी विचारलं त्यानं?"

"त्याच दिवशी."

"माझं लग्न ठरलं होतं का तवा?"

"नव्हतं. दिवाळीनंतर ठरलं."

तिनं हिशेब लावल्यासारखी मान हलवली. "म्हणजे यायला जमलं असतं," ती म्हणाली. उलगडलेलं पान सुपात टाकलं. मग, "न्हाय का म्हणालास पण?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "भ्यालो, अक्का. तू आली असतीस तर दोन दिवसांत कळलं असतं, खरं कोणाला येतंय."

"मी सांगितलं नसतं की रे," ती म्हणाली. "मी तुझ्या हाताखालीच बसले असते. तुझंच नाव लावून काढून दिलं असतं सगळं."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. जे मी गमवायला भ्यालो ते ती काढून घेणारच नव्हती, एवढं साधं मला बहिणीबद्दल माहीत नव्हतं. मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिनं पाय आखडून घेतले. तंबाखू सांडंल, म्हणाली.

मी निघताना ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. "तम्मी," म्हणाली, "हे सांगायला नको होतंस. मला माझं बरं चाललं होतं."

बैल गेला आणि झोपा केला, अशातला प्रकार. मला वाटलं होतं की चाळीस वर्षं जे मी एकट्यानं वागवलं ते खाली ठेवतोय. खाली कुठलं, उचलून तिच्या मांडीवर ठेवून आलो. इतकी वर्षं तिला एकच आयुष्य होतं आणि ते तिनं वळून वळून पुरं करत आणलं होतं. आता सासष्टाव्या वर्षी तिला दुसरं दाखवलं, तेही कुलूप लावलेलं. माझी बायको म्हणाली, "हलकं वाटतंय का आता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नाही, नातीकडनं लावून घेतला होता. "तम्मी, त्या हापिसात खिडकी होती का रे?"

"होती."

"कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला. बाहेर कडुलिंब होता."

"म्हणजे सकाळी उजेड चांगला यायचा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी विचारलं, पंखा होता का. मग एकदा, चौकोनाचे कागद एका वेळी किती मिळायचे, आणि रंगाच्या पेन्सिली कारखान्याच्या का आपापल्या. मग, पावसाचं तिथनं घरी यायला रिक्षा मिळायची का. मला जेवढं आठवतं तेवढं मी खरं खरं सांगतो. आठवत नाही तिथं आठवत नाही म्हणतो, आणि माझं डोकं फिरत नाही, आवाज चढत नाही. तिचा फोन येण्याच्या वेळेला मी आता घरातच थांबतो. नात परवा सांगत होती की आजी हल्ली मुग्गूतला एकही ठिपका सोडत नाही, तिच्या प्रोजेक्टाचा सगळा घोळ झालाय.

काल अक्कानं विचारलं, "ती मालकाची सून जेवायला कुणासंगं बसायची?"

"कोणाबरोबर नाही. आपल्या टेबलावर एकटीच डबा खायची."

"इतकी वर्षं?"

"हो. बंद पडेपर्यंत."

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "मी बसले असते की तिच्यासंगं."